खुर्चीवरचा कोट

"तोडग्यापायी माणसाला बाहेर काढताय खरं, पण परत आत कसं घ्यायचं ते आधी ठरवून ठेवा," असं शेजारच्या एल्विराबाई मार्चमध्येच म्हणाल्या होत्या. मी बाळाचे लंगोट पिळत होते. हसले आणि सोडून दिलं.

तोडगा साधा होता. माझे सासरे आन्सेल्मो मागच्या अंगणात गेले की मोलिनो, म्हणजे आमची फुटबॉल टीम, गोल करायचं. पहिल्यांदा ते लंगोट वाळत घालायला गेले तेव्हा झाला. पुढच्या रविवारी चिमटे आणायला गेले तेव्हा झाला. तिसऱ्या रविवारी माझा दीर रोलो यानं त्यांना दंडाला धरून उठवलंच. "बाबा, तुम्ही आत बसलात की पनवती लागते. वाईट वाटून घेऊ नका." त्यांनी घेतलं नाही. घाईत त्यांचा कोट खुर्चीवर राहिला आणि त्या दिवशी आम्ही तीन गोलांनी जिंकलो. तेव्हापासून दर रविवारी कोट खुर्चीवर आणि सासरे अंगणापलीकडच्या पत्र्याच्या खोलीत. रेडिओ न्यायचा नाही. सामना वाचला की फाब्रिसियो, माझा नवरा, पातेल्यावर तीनदा पळी वाजवायचा, मग त्यांनी यायचं. हरलो की कुणीतरी जाऊन बोलावून आणायचं.

आज शेवटचा सामना होता. वरच्या डिव्हिजनमध्ये टिकायला बरोबरी पुरेशी होती. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बाहेर जाणारा चेंडू आमच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून आत गेला. एकोणतीस वर्षांनी मोलिनो खालच्या डिव्हिजनमध्ये गेलं.

कुणी ओरडलं नाही. रोलोनं टीव्हीचा आवाज बंद केला, चित्र तसंच ठेवलं. खेळाडू गवतावर बसले होते. एक जण बुटाची नाडी सोडत होता, पुन्हा बांधत होता. जाऊबाई मिर्तानं टार्टचे आठ तुकडे केले आणि ते कुणी उचलले नाहीत. रस्त्यावर एकही हॉर्न नव्हता.

"पुढच्या वर्षी सामने शनिवारी असणार," फाब्रिसियो म्हणाला.

"शनिवारी मला ड्यूटी असते," रोलो म्हणाला.

"मग बदलून घे."

"बघू."

पळी पातेल्याच्या कडेवर होती, दुपारी ठेवली तशी.

"बाबांनी डोकावलं," रोलो एकदम म्हणाला. "पंचाऐंशीव्या मिनिटाला खोलीचं दार हललं. मी पाहिलं."

"तू सामना बघत होतास की दार?" मिर्तानं विचारलं.

"दोन्ही."

"मग तूच पनवती."

फाब्रिसियो त्या कोटाकडे बघत राहिला. "पाच मिनिटं," तो म्हणाला. "चौदा रविवार बसले आणि पाच मिनिटं बसवलं नाही त्यांना."

दार त्यांनी उघडलं नव्हतं. मी उघडलं होतं. आब्रिलला कडेवर घेऊन मी अंगणात फिरत होते, दात येताहेत तिला, सकाळपासून रडत होती. पत्र्याच्या आतून खोकला आला. कोरडा, एकामागून एक. मी दार ढकललं. ते उलट्या बादलीवर बसले होते, हात काखेत खुपसून.

"बाबा, बरोबरी आहे. पाचच मिनिटं राहिलीत. चला आत, कुणाला कळतंय."

"पाच मिनिटांत काय काय होतं ते तुला ठाऊक नाही, पोरी."

"निदान कोट तरी आणते."

"खुळी आहेस का? कोटाला हात लावायचा नाही. जा, दार लाव."

मी दार पुरतं लावलं नाही. सामना संपल्यावर आमचा जल्लोष त्यांना नीट ऐकू यावा, एवढंच मनात होतं.

हे मी आत्ता इथे बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण आब्रिल नुकतीच झोपली होती, आणि रोलो रागावलाय असंही दिसत नव्हतं. रागावला असता तर बोलता आलं असतं. तो नुसता टार्टच्या तुकड्यांची टोकं बोटानं सरळ करत होता.

"कुणी सांगितलं का त्यांना?" शेवटी मिर्तानं विचारलं.

"एव्हाना कळलं असेल," फाब्रिसियो म्हणाला. "एवढं शांत आहे म्हटल्यावर."

"मग येतील."

"येतील."

पावणेसहा झाले. इकडे जून म्हणजे ऐन हिवाळा, अंधार लवकर पडतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खोलीचं दार दिसतं, मी ठेवलं तेवढंच उघडं आहे. आत दिवा नाही लावलेला. मी मघापासून कान देऊन ऐकतेय. बाळाचा श्वास ऐकायची सवय झालीय, त्यामुळे बारीकसं काही झालं तरी मला कळतं. वीस मिनिटं झाली, एकदाही खोकला आलेला नाही.

मला उठता येत नाही, ही मांडीवर आहे. हे तिघं उठायचे नाहीत. तुम्ही पाहुणे, आणि दाराजवळ बसला आहात. जाताना तो कोट उचला, तुम्ही उचललात तर कुणी काही म्हणणार नाही, आता त्यानं काय बिघडायचंय. निकाल सांगू नका. फक्त कोट त्यांच्या खांद्यावर घाला, आणि खोकतात का, तेवढं बघून या.