पेंटशॉपचा कौल

कारखान्याचे प्रमुख इनामदारसाहेब यांच्या केबिनचं दार रेवती घोलपने धास्तावतच ढकललं. कामगारांनी सर्व्हेत दिलेले गुण यंदापासून मॅनेजरच्या मूल्यमापनात धरले जाणार होते, आणि तिच्या पेंटशॉपमधल्या माणसांनी तिच्यावर खूश असायचं काहीच कारण नव्हतं. रंगाच्या वाफेने एक जण चक्कर येऊन पडला, तेव्हा हवा बाहेर फेकणारे नवे पंखे बसेपर्यंत तिने साहेबांशी भांडून काम बंद ठेवलं होतं. उत्पादन घसरलं आणि सगळ्यांचा ओव्हरटाइम बुडाला.

"उत्पादनात तुम्ही सगळ्यांत मागे," साहेब म्हणाले. "जुन्या पद्धतीने तुमची बढती गेलीच असती."

"आणि सर्व्हे?" तिने कसंबसं विचारलं.

"अख्ख्या कारखान्यात पहिल्या! अभिनंदन, मॅडम. बढती पक्की!"

ती धावतच पेंटशॉपमध्ये शिरली. "अहो, मी तुमचा ओव्हरटाइम बुडवला आणि तुम्ही मला एवढे गुण दिलेत?"

रंगारी पाडळकरमामा तोंडावरचा मास्क खाली ओढत हसले. "ओव्हरटाइम काय, पुन्हा मिळंल. आमच्यासाठी साहेबाशी भांडणारं माणूस पहिल्यांदा मिळालं, न्हवं का!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि रेवतीने भर शेडमध्ये मामांना टाळी दिली.