पान कधी उचलायचं

पडद्यावरचा कॅमेरा झर्रकन वळला की सह्याद्रीच्या त्रिमितीय नकाशात काळे चौकोन उमटत होते. काम द्यायचं की नाही ते ठरवायला क्लायंट तीनला येणार होते.

“सगळ्या नकाशाला मेमरी देऊन टाक, केतकी,” खांबेटे सर वैतागले.

“नकाशा चौसष्ट जीबीचा, ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं. देऊ कुठून?” केतकी हसली. ती आचाऱ्याची मुलगी. ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरचा कोड लिहायला लागण्याआधी तिने लग्नांत पंगती वाढल्या होत्या. “सर, दोनशे पानं मांडली म्हणून कोणी दोनशे पानांवर भात वाढत नाही. माणूस बसला की वाढायचं. आपणही जागा सगळ्या नकाशाला राखलीय, पण मेमरी फक्त दिसणाऱ्या तुकड्यांना देतो.”

“मग चुकलं कुठे?”

“पान उचलण्यात. तुकडा नजरेआड झाला की माझा कोड लगेच त्याची मेमरी काढून घेतो. कार्ड मागे असतं, आधीच्या दृश्यातला तोच तुकडा अजून रंगवत असतं. जेवणाऱ्याच्या हातात घास आहे, आणि मी पान ओढतेय.”

तिने कोडमध्ये एकच अट घातली. कार्डाने ‘झालं’ म्हटल्याशिवाय मेमरी परत घ्यायची नाही.

तीन वाजता क्लायंटनी कॅमेरा गरागरा फिरवला. एकही चौकोन उमटला नाही. “काम तुमचंच,” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

खूश होऊन सरांनी प्रोग्रॅम बंद करायला हात पुढे केला. केतकीने नुसतं क्लायंटकडे पाहिलं. माउस घट्ट धरून ते अजून डोंगरांतून हिंडत होते.

सरांनी हात मागे घेतला.

“जेवू दे त्यांना,” ते हळूच म्हणाले.