रंध्याचा दिवा

बाबांनी कळ दाबली, टेबलावरचा दिवा लागला आणि त्यांचा चेहरा असा उतरला की त्यांची मोठी मुलगी हातातली चिनीमातीची बशी ठेवून धावलीच.

"चक्कर येतेय का?"

"हा माझा रंधा आहे," बाबा म्हणाले.

दर शनिवारी ती बाबांना जुन्या वस्तूंच्या दुकानांतून फिरवून आणायची. उजवा हात लुळा पडल्यापासून या सुतार माणसाची तेवढीच करमणूक. खुर्च्या वाकून वाकून बघायचे, "खिळे ठोकून उरकलंय मेल्यांनी," म्हणून नाक मुरडायचे आणि खुशीत घरी यायचे. आज गाडी तिच्या धाकट्या भावाने आणली होती. तो बाहेर ती लावायला जागा शोधत होता.

मोठीने दिवा उचलून पाहिला. रंध्याच्या लाकडाला आरपार भोक पाडून वायर घातली होती, वर बल्ब बसवला होता आणि मुठीला चिठ्ठी बांधली होती, 'कारागिराचा दिवा'. ती मूठ बाबांच्या तळव्याने एका बाजूला झिजलेली होती. लहानपणापासून बघितलेली मूठ, ओळखायला वेळ लागला नाही.

"पण हत्यारांची पेटी तर माळ्यावर आहे ना?"

"धाकट्याने ठेवलीय," बाबा म्हणाले. "हात सुटला की काढायची."

तेवढ्यात धाकटा किल्ली फिरवत आत आला. त्याला बघताच दुकानाची मालकीण हसत उठली. "या, या! अहो, तुमची पेटी हातोहात गेली. करवती तर एका हॉटेलवाल्याने भिंतीवर लावायला नेल्या. आणखी आहे का घरात असं काही?"

धाकट्याच्या बोटातली किल्ली फिरायची थांबली. मोठीच्या डोक्यात तिडीक गेली.

"तू विकलीस?"

"ताई, हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत की! अरे, जिवंत आहेत ते. हे काय, समोर उभे आहेत. आणि तू त्यांची हत्यारं भंगारात काढलीस?"

"भंगारात नाही, चांगल्या दुकानात दिली," धाकटा म्हणाला. एवढ्याने आपली बाजू सावरली असं त्याला खरंच वाटलं असावं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "गंजत पडली होती. डॉक्टर काय म्हणाले ते तुलाही माहितीय ना? मग त्यांना कोण सांगणार होतं? तू?"

तिला माहीत होतं. बाबा 'हात सुटला की' म्हणाले की वर्षभर तीसुद्धा मान डोलवत आली होती. त्यामुळे तिला त्याचा जास्तच राग आला, आणि थोबाडीत मारावी म्हणून हात वरही गेला होता, तोच मालकीण मध्ये पडली.

"अहो, भांडताय काय? किती सुंदर दिसतोय बघा तरी. आणि अगदी निर्धास्त घेऊन जा. पातं मशीनवर घासून बोथट करून घेतलंय. घरात लहान मुलं असतात, कुणाला लागायला नको."

बाबा मालकिणीकडे वळले.

"बोथट केलंय?" त्यांनी विचारलं.

त्यांनी दिव्याचं बटण बंद केलं. बल्ब काढला. डाव्या हाताने रंधा धरून त्याची मागची बाजू टेबलाच्या कडेवर दोनदा आपटली, तशी पाचर ढिली होऊन पातं बाहेर आलं. त्याच्या कडेवर त्यांनी अंगठा ठेवला. कड जाड होती, गोल होती, चमच्यासारखी. त्यांनी अंगठा शर्टाला पुसला.

मग त्यांची नजर टेबलावर फिरली. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर एक काळा, मधे झिजलेला दगड ठेवला होता. "हा धारेचा दगडही माझाच," ते म्हणाले आणि धाकट्याकडे वळले. "खाली बस."

"बाबा, घरी जाऊन बोलू आपण."

"बस म्हणतो ना!"

आवाज एवढा चढला की आरशापुढे टोप्या घालून बघणाऱ्या बाईने डोक्यावरची टोपी मुकाट्याने खुंटीला लावली. धाकटा कडक इस्त्रीच्या पँटनिशी फरशीवर बसला.

"अहो, हे दुकान आहे," मालकीण म्हणाली.

"घेतलं आम्ही हे," मोठी म्हणाली. "दिवा, दगड, दोन्ही. पिशवी नको." झाडांवर फवारायची पाण्याची बाटली तिने न विचारताच उचलली आणि धाकट्यापुढे आदळली.

तो दगडावर पातं घासू लागला. बाबा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. पातं उभं धरलंस, आडवं कर, एवढंच एकदा बोलले. काळं पाणी धाकट्याच्या बाहीवर उडलं, मग पँटवर. त्याचे खांदे भरून आले, बोटाचं सालटं निघालं. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात होती. मध्येच त्याने बहिणीकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. तिला दया आली नाही.

बऱ्याच वेळाने त्याने पातं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी ते शर्टाला पुसलं. उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. त्याच्या मनगटावरून त्यांनी पातं अलगद कोपरापर्यंत ओढलं. हातावरचे पांढरे केस नुसते आडवे झाले आणि पुन्हा उभे राहिले. एकही कापला गेला नाही.

बाबांनी पातं परत धाकट्यापुढे धरलं.

"अजून," ते म्हणाले.