टाचेवरची तीट

"अहो, आपली वसू असती तर एसटीची खिडकी सोडली नसती," घाटातली लालेलाल फुललेली सावर बघत इंदुमती म्हणाली.

लेकीला जाऊन वर्ष झालं होतं. ती कॉलेजात असताना एका शिल्पकारानं तिलाच समोर उभं करून घडवलेला ब्राँझचा पुतळा तळ्याकाठी बसवलाय, असं कळल्यावर दोघं निघाली होती.

घागर घेतलेली मुलगी, मागची टाच उचललेली. "काय देखणी आहे!" म्हणत लोक फोटो काढत होते.

इंदुमतीनं डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं. गालापर्यंत हात पोचेना, म्हणून टाचेलाच तीट लावली.

"अगं, पुतळ्याला कसली दृष्ट लागतेय?" नवरा हळूच म्हणाला.

दवाखान्यात शेवटचं धरलं, तेव्हा हे पाऊल गार पडलं होतं. आज उन्हानं ते कोमट लागत होतं. तिला हात काढवेना.