कप्तानाचे डोळे

डावा डोळा पुन्हा गालावर गेला.

"मेला एका जागी राहील तर शपथ!" ताई करवादली आणि तिने ओल्या कापसाने गाल पुसला. कप्तान बिचारा गप्प उभा होता. बोटभर उंचीचा, शिशाचा, बाटलीच्या बुचावर चिकटवलेला. अंतराळातला पोशाख, छातीवरच्या नळ्या, किरणबंदूक, सगळं रंगवून झालं होतं. राहिले होते फक्त डोळे, खसखशीच्या दाण्याएवढे. आणि ताईचा उजवा हात वर्षभर थरथरत होता. चाळीस वर्षं लोकांच्या कवळ्या घडवलेला हात! हिरडीचा रंग असा जुळवायचा की गिऱ्हाईक स्वतःच फसायचं.

टेबलापलीकडे धाकटा भाऊ पट आणि फासे मांडून बसला होता. त्याचे बारा हिरवे परग्रहवासी, तिचे अकराच सैनिक. नियम दोघांनी शाळेत असताना केलेला: ज्याचा रंग पुरा नाही, त्याने पटावर पाय ठेवायचा नाही. या वर्षी माळ्यावरून खेळ काढला तेव्हा बाकीचे धडधाकट निघाले, कप्तानाचा रंग तेवढा पार उडालेला. कप्तानावाचून ताई सलग नऊ डाव हरली होती.

"मी काढून देऊ का डोळे?" भावाने विचारलं.

"तू? तुला पाकिटावर तिकीट सरळ चिकटवता येत नाही."

"मग राहू दे ना तसाच. ठेव पटावर. नियम काय, आपणच केलेला."

ताईने मान वर केली. जन्मात एक चाल परत न देणारा हा माणूस, आणि आज नियम सोडायला निघाला? नऊ डाव हरले तेव्हा एवढं लागलं नव्हतं. म्हणजे याने आपल्या हाताची आशाच सोडली! तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली.

तेवढ्यात भावाची बायको चहा घेऊन आली. ताईने डाव्या हातात बशी धरली, उजव्यात कप. कप बशीवर खडखड वाजायला लागला. चहा सांडेल म्हणून तिने दोन्ही मनगटं एकमेकांना घट्ट टेकवली, आणि खडखड थांबली.

ताई बघतच राहिली. हात थांबला नव्हता. कप हलत होता, बशीही हलत होती. पण दोन्ही एकत्र हलत होती.

तिने चहा तसाच खाली ठेवला. "अगं, तुझा रुमाल दे. माझी मनगटं बांध. घट्ट!"

"अगं बाई, वन्सं! चोर धरल्यासारखं काय हे?"

"बांध म्हणते ना!"

एका हातात कप्तान, दुसऱ्यात तीन केसांचा ब्रश, आणि मनगटांना गाठ. ताई भिंगाखाली वाकली. उजवा हात थरथरला, तसा डावाही थरथरला. ब्रश हलला, तसा कप्तानही हलला. काय करशील आता, ती हाताला मनातल्या मनात म्हणाली. तिने श्वास रोखला. एक ठिपका. मग दुसरा.

भावाने भिंग ओढून घेतलं, कप्तानाला उजेडात धरलं, आणि डावीकडून, उजवीकडून, परीक्षेचा पेपर तपासावा तसा तपासला.

"तिरळा झालाय," तो शेवटी म्हणाला.

"होणारच. एक डोळा तुझ्यावर, एक तुझ्या फाशांवर."

भावाची बायको फसकन हसली. भाऊ हसला नाही. त्याने पुन्हा एकदा भिंगातून पाहिलं. "रंग मात्र पुरा आहे," असं म्हणून त्याने कप्तान परत दिला.

ताईने कप्तान बुचावरून सोडवला आणि पहिल्या रांगेत मधोमध ठेवला.

"वन्सं, गाठ सोडू का आता?"

"राहू दे. आधी याला हरवते." बांधलेल्या हातांनीच तिने फासे उचलले. "बोल, कुणाची पाळी?"

"माझी," म्हणून भावाने तिच्याकडून फासे घेऊन टाकले. त्याने कप्तानाकडे एकदा पाहिलं, ताईच्या हातांकडे पाहिलं, आणि नऊ डावांनंतर पहिल्यांदाच आपला परग्रहवासी कप्तानाच्या वाटेतून एक घर मागे घेतला.