कवडूची मैना

टीव्हीचा आवाज गेला तेव्हा कवडूला काहीच कळलं नाही. तो पडद्याकडे बघत राहिला. पडद्यावर दोन वेण्यांची मुलगी वादळात होडी सावरत होती, आणि तिचं म्हातारं अस्वल पाण्यात पडलं होतं.

शहापूरच्या ग्रामपंचायतीत रविवारी सकाळी ही मालिका लागायची. चित्रं जपानची, बोलणं हिंदी. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या मुलीची गोष्ट. तिसरं वर्ष चालू होतं आणि ती अजून फिरतच होती. मोठी माणसं संध्याकाळच्या सिनेमाला यायची. सकाळी असायची पोरं, पोरांना घेऊन आलेली एखादी आजी आणि पन्नाशी ओलांडलेला कवडू. पंचायतीचा चपराशी टेकचंद टीव्हीच्या पेटीचं कुलूप काढायला यायचा, त्याआधीच हा आंघोळ करून, धुतलेली बंडी घालून दारात उभा असायचा. "बुढा लेकरायचा कार्टून पाहाले येते," म्हणून लोक हसायचे. ते त्याला ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र होतं.

कवडू जन्माचा बहिरा नव्हता. ऐन तिशीत मुदतीचा ताप आला आणि कान घेऊन गेला. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. आपला आवाज केवढा निघतो हे त्याला समजेना. हळू बोलायला जावं तर समोरचा दचकायचा. शेवटी त्यानं बोलणंच सोडलं. धाकटा भाऊ ताराचंद याच्या घरी तो राहायचा, धानाच्या बांध्यांत राबायचा. घरची माणसं त्याच्याशी खुणांनी बोलायची, आणि त्या खुणा तरी किती? जेव. बैल सोड. चाल.

सिनेमातली माणसं नुसती तोंडं हलवायची. या चित्रांचे मात्र डोळेच केवढे मोठे! राग, भूक, भीती, सगळं त्या डोळ्यांत उमटायचं. पोरं त्या मुलीला तिच्या जपानी नावानं ओळखत होती. कवडूनं ते कधी ऐकलंच नव्हतं. त्यानं तिचं नाव मैना ठेवलं होतं. बैल चारताना तो मनातल्या मनात मैनाला पुढच्या बेटावर नेऊन सोडायचा, आणि रविवारी ती भलतीकडेच निघालेली दिसली की खूश व्हायचा. एकदा त्यानं गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं तिचं चित्र काढलं, अस्वलासकट. दिवाळीत भावजयीनं भिंत सारवली. त्यानं पुन्हा काढलं नाही.

आवाज गेला तशी पोरं ओरडायला लागली. टेकचंदनं पेटीवर दोन थापा मारल्या. काही उपयोग झाला नाही. पोरं उठून दाराकडे निघाली. शेजारची सुंदरबाई नातीला घेऊन आली होती. नात रडायलाच लागली. अस्वल बुडतंय की काय, ते तिला कळत नव्हतं.

"चाल वो," सुंदरबाई म्हणाली. "मुक्या टीव्हीत काय पाहतं?"

सगळे का उठले, म्हणून कवडू बघायला लागला. सुंदरबाईनं कानाला हात लावला, पेटीकडे बोट केलं आणि नाही अशी मान हलवली. त्याला समजलं. त्यानं रडणाऱ्या पोरीकडे पाहिलं. मग इतक्या वर्षांनी त्याचं तोंड उघडलं.

"डुबत नाही ते! पोहून रायलं, पाहा!"

आवाज घोगरा आणि नको तेवढा मोठा निघाला. पोरगी रडायची थांबली. दारातली पोरं वळली.

"मैना भेली नाही. तिच्या डोळ्यात खारं पाणी गेलं, मनून डोळे मिटले. आता दोर फेकते पाहा." मैनानं दोर फेकला. "घरी तिच्यासंग कोणी बोलेच नाही. मनून निघाली ते. ज्या बेटावर जाते तेथचे लोक जेवाले देतेत. मंग इचारतेत, कधी जातं? मंग ते पुन्हा होडीत बसते."

"अरे, बापाले धुंडून रायली ते!" टेकचंद म्हणाला.

कवडूला ते ऐकू गेलं नाही. तो सांगतच राहिला. पोरं एकेक करून पुन्हा खाली बसली. मालिका संपली तेव्हा कोणी हसलं नाही.

पुढचा सगळा आठवडा घरात पुन्हा त्याच खुणा. पण बोडीच्या, गावाबाहेरच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बैल चारताना कवडू बोलायचा. गळ्यावर हात ठेवून आवाजाची थरथर बघायचा, आणि ती कमी करत न्यायचा.

रविवारी तो पहिल्यांदाच पुढे, पेटीजवळ बसला. चित्र सुरू झालं. त्यानं वळून पोरांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं एकदम उघडत-मिटत होती, माना डोलत होत्या. पोरं गाणं म्हणत होती. आवाज दुरुस्त झाला होता. कवडू उठला आणि मागे दाराजवळ, भिंतीला टेकून बसला.

सुंदरबाईनं ते पाहिलं.

"टेकचंद, आवाज बंद कर."

"काहून? परवाच तं मेकॅनिक येऊन गेला."

"मले मालूम आहे. तू बंद कर."

एक पोरगं कुरकुरलं. सुंदरबाईच्या नातीनं त्याला गप्प केलं. टेकचंदनं कवडूकडे पाहिलं आणि बटण उलटं फिरवलं. गाणं मधेच तुटलं. एकेक चेहरा मागे वळला.

इतके चेहरे आपल्याकडे वळलेले पाहून कवडू गोंधळला. मग हळूच, अगदी बेताच्या आवाजात त्यानं विचारलं, "गेला का आवाज पुन्हा?"

अख्ख्या खोलीनं होकाराची मान हलवली.