सील न फोडलेली गाडी

बेकर्सफील्डच्या मोटार-शर्यतीच्या धावपट्टीबाहेर टेबल मांडून मी जुन्या ड्रॅग रेसच्या, म्हणजे सरळ रेषेतल्या वेगाच्या शर्यतीच्या, गाड्यांची हुबेहूब छोटी मॉडेलं विकतो. नावाजलेला रेसर क्लाइड हॅस्केट वारल्यापासून त्याच्या गाडीच्या मॉडेलचा भाव नुसता उसळतोय. मात्र खोका सीलबंद हवा. परवा त्याची घटस्फोटित बायको वांडा आली, नऊशे डॉलर माझ्यापुढे टाकले आणि तिथंच नखानं सील फाडलं. "अहो बाई, वेड लागलंय का? आता याचे दोनशेसुद्धा येणार नाहीत!" "गप रे. आमच्या काडीमोडानंतर बनलंय हे. खऱ्या गाडीत होतं ते सगळं यात उतरवलंय म्हणे. मला बघायचंय." तिनं गाडीचं वरचं कवच उचललं, माझं भिंग ओढून घेतलं आणि आत बघतच राहिली. मलाही राहवेना. वाकून पाहिलं, तर चालकाच्या डोक्यामागच्या काळ्या नळीवर निळ्या चौकड्यांची पट्टी रंगवलेली. मी ओरडलोच, "अहो, रंगवताना चूक झालीय! चुकलेल्या नगाला दुप्पट भाव येतो. आजवर कुणी खोका उघडलाच नाही, तर कळणार कसं? द्या इकडे, मीच घेतो!" वांडानं गाडी छातीशी धरली. "चूक कसली, मेल्या? त्याचं टाळकं आपटू नये म्हणून मीच माझा एप्रन फाडून बांधला होता तिथं. आणि मी घर सोडून निघाले तेव्हा मला म्हणाला, तुझी चिंधीसुद्धा घरात ठेवणार नाही." मग तिला एकदम हसू फुटलं. "शब्द पाळला गाढवानं. घरात नव्हतीच ठेवली."